काट्यावर चढवण्याआधी

समुद्रपूर तालुक्यातलं जाम शोधायला निघालं की गावाआधी चौरस्ता लागतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग इथून हिंगणघाटकडे सरळ जातो आणि चंद्रपूरची वाट इथंच फुटून वरोऱ्याकडे वळते. चंद्रपूर, वरोरा, हिंगणघाट, कुठूनही नागपूर गाठायचं म्हटलं तर माणसाला काय नि मालाला काय, जाम टाळता येत नाही. कापूस, सोयाबीन, कोळसा सगळं इथूनच जातं. भंगारही इथूनच जातं, आणि अलीकडे त्या भंगारात पत्रा आणि प्लास्टिकच्या जोडीला कॉम्प्युटरचे डबेही दिसतात.

हे डबे आले कुठून, हे कळायला फार शोध घ्यावा लागत नाही. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन उभी राहिली आणि एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गावांत पोचले. एका खोलीत दहा-पंधरा कॉम्प्युटर, बाहेर चपलांचा ढीग. मग सायबर कॅफे आले, डीटीपी आणि फोटो स्टुडिओ आले, शाळांना कॉम्प्युटर लॅब मिळाल्या, ग्रामपंचायतींत दाखले छापून मिळू लागले. ती सगळी यंत्रं आता म्हातारी झाली आहेत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा आधार थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याआधीची मशिनं चालू असूनही अनेकांच्या लेखी बाद ठरली. ती विकताना भाव एकच विचारला जातो: किलोला किती?

किलोचा भाव डब्याला ठीक आहे. आतल्या कार्डांना तो लावणं मात्र शुद्ध अडाणीपणा आहे.

कॅबिनेटची मागची बाजू पाहिली तर खाली आडव्या पट्ट्यांची रांग दिसते. त्यातल्या एखाद्या पट्टीवर मॉनिटरची किंवा इंटरनेटच्या केबलची जागा असते. ती पट्टी एका स्क्रूनं धरलेली असते आणि तिच्यामागे मदरबोर्डच्या खाचेत एक कार्ड उभं असतं. आयबीएमनं १९८१ साली आपला पीसी आणला तेव्हा त्यात अशा पाच खाचा होत्या. खाचेची रचना जगजाहीर असल्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनीही कार्डं बनवली. पुढं १९९२मध्ये इंटेलनं पीसीआय आणलं, १९९७च्या सुमारास फक्त ग्राफिकसाठी एजीपी आलं, आणि २००३नंतर पीसीआय एक्स्प्रेसनं सगळ्यांना बाजूला सारलं. आज नव्या मशिनात तीच खाच असते. पंधरा वर्षांपूर्वीचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आजच्या मदरबोर्डवर बहुतेक वेळा निमूट बसतं आणि चालतं. मोबाइलच्या दुनियेत अशी सोय स्वप्नातही मिळत नाही.

आता किलोच्या भावामागचं गणित. भंगारवाल्याचा डोळा असतो कार्डाच्या कडेला असलेल्या पिवळ्या पट्ट्यांवर. ते खरंच सोनं आहे. तांब्यावर निकेल आणि निकेलवर सोन्याचा मुलामा. मोठ्या ग्राफिक कार्डाच्या कडेला दोन्ही बाजू मिळून १६४ पट्ट्या असतात. एकेक पट्टी ०.७ मिलिमीटर रुंद आणि ढोबळमानानं ४ मिलिमीटर लांब धरा. चांगल्या प्रतीचा मुलामा एक मायक्रोनहून कमी, म्हणजे ०.७६ मायक्रोनचा असतो. गुणाकार केला तर सोनं निघतं साडेसहा-सात मिलिग्रॅम. ग्रॅमला १२,००० रुपये भाव धरला, तर साधारण ८० रुपये. तेही मुलामा उत्तम असेल आणि कणही वाया न जाता तो सगळा निघाला तर. स्वस्त कार्डांवर मुलामा याच्या दहाव्या हिश्श्याइतका असू शकतो, मग हातात येतात आठ रुपये. चिपांच्या आत थोडं सोनं आणि बोर्डात तांबं असतं, पण तेच कार्ड चालू असेल आणि कुणाला हवं असेल, तर त्याचे शेकड्यांत, कधी हजारांत पैसे येतात.

म्हणून कार्ड काट्यावर चढण्याआधी तपासायला हवं. पण त्याच्याही आधी एक पायरी आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हे कार्ड कुणाला लागणार आहे का?

टीव्ही ट्यूनर कार्ड घ्या. दोन हजारच्या दशकात कॉम्प्युटरवर क्रिकेट दाखवणारा माणूस कॉलनीत मान मिळवून होता. त्या कार्डाच्या आतला ट्यूनर केबलचे जुने अॅनालॉग सिग्नल पकडायचा. केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्यानं झालं आणि ३१ मार्च २०१७पर्यंत ते ग्रामीण भागातही पूर्ण करायचं ठरलं होतं. आता ते कार्ड विजेच्या दृष्टीनं ठणठणीत असलं तरी त्याला पकडायला काही उरलेलं नाही. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या मॉडेम कार्डाचंही तेच झालं. अशा कार्डांवर अर्धा तास घालवणारा तंत्रज्ञ मन लावून काम करतो खरा, पण तो वेळ वायाच जातो. ती तपासू नयेत, सरळ रिसायकलिंगच्या ढिगात टाकावीत.

आणि याच्या नेमकं उलट उदाहरण महामार्गाच्या कडेलाच उभं आहे, ते म्हणजे धर्मकाटा.

हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या नावानं ओळखला जाणारा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात मानाचा होता, आणि आजही हंगामात जिनिंगच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, खालच्या लोड सेलवर भार पडतो, खिडकीतल्या डब्यावर लाल आकडे उमटतात आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किर्र किर्र करत पावती काढतो. लाल आकड्यांचा तो डबा कॉम्प्युटरशी बोलतो तो बहुतेक वेळा सिरियल पोर्टमधून, नऊ पिनांच्या त्या जुन्या जोडणीतून. या जोडणीचं मानक आरएस-२३२, म्हणजे १९६०च्या आसपासची चीज. साधी, संथ आणि भरवशाची. नव्या कॉम्प्युटरला हा पोर्ट बहुधा नसतोच. प्रिंटर जुना असेल तर त्याला लागणारा पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्टही नसतो. म्हणजे काट्यावरचा कॉम्प्युटर बदलला की अडतं ते अशा दोन पोर्टांच्या एका कार्डापाशी. सायबर कॅफेच्या भंगारात तसलं कार्ड निघालं आणि ते किलोवर गेलं, तर ज्या यंत्राला त्याची गरज होती तिथंच ते मोजून फेकलं, असाही योग येऊ शकतो.

यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो हे खरं, आणि पुष्कळ ठिकाणी तो चालतोही. पण तो दुसऱ्या खाचेत लावला की पोर्टचा नंबर बदलतो, आणि ऐन हंगामात रात्री अकराला ‘वजन येत नाही’ म्हणून फोन येतो. कार्ड मात्र बसलं की बसलं. अर्थात प्रोग्राम डॉसच्या काळातला असेल, तर पीसीआय कार्डही पुरत नाही. तो प्रोग्राम ठरलेल्या पत्त्यावरच पोर्ट शोधतो आणि पीसीआय कार्डाचा पत्ता वेगळा असू शकतो. तिथं त्याहून जुनं आयएसए कार्डच लागतं. अशा कार्डाला गिऱ्हाईक वर्षातून एखादाच येतो, पण तो आला की घासाघीस करत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. ती डोळ्यांपासून सुरू होते आणि तिथंच निम्मा निकाल लागतो. कार्ड उजेडाकडे तिरकं धरायचं. उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर दिसतात, त्यांची डोकी सपाट आहेत का बघायचं. डोकं फुगलं असेल किंवा वरच्या खाचेतून तपकिरी चिकट काही आलं असेल, तर तो कपॅसिटर गेला. १९९९ ते २००७च्या सुमारास सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांत बसले होते. आपल्याकडच्या जुन्या कार्डांत ते आजही सापडतात. कार्ड बाकी चांगलं असेल तर कपॅसिटर बदलून ते उभं राहतं, हे काम सोल्डरिंग येणाऱ्या कुठल्याही पोराला जमतं. मग मागची बाजू बघायची. तिथं मोहरीहून लहान भाग बसवलेले असतात आणि कार्ड काढताना स्क्रूड्रायव्हर घसरला की त्यातला एखादा उडतो. जागा रिकामी दिसते, पण तिथं दोन चकचकीत ठिपके आणि फाटलेलं सोल्डर असेल तर भाग उडाला असं समजावं. नुसते दोन सपाट, स्वच्छ ठिपके असतील तर कारखान्यानंच ती जागा मोकळी सोडलेली असते. हा फरक कळायला महिनाभर हाताखाली कार्डं जावी लागतात.

मग नाक. जळालेल्या बोर्डाचा वास वर्षभरानंही जात नाही.

विदर्भातल्या नेटवर्क कार्डांना एक खास रोग असतो, वीज पडल्याचा. मे-जूनच्या वादळात केबलमधून आलेला झटका आधी लॅनच्या जोडणीमागच्या छोट्या काळ्या ट्रान्सफॉर्मरला लागतो, मग चिपला. बाहेरून पाहिलं तर चिपवर टाचणीएवढा खड्डा, कधी तोही नाही. म्हणून पावसाळ्यानंतर भंगारात आलेलं लॅन कार्ड संशयानंच हातात घ्यावं.

पुढची पायरी साफसफाईची. जिनिंगच्या गावात कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ आणि रुईचे तंतू मिळून जाड थर बसतो. त्याखाली हीटसिंक आहे हे खरं वाटत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो आणि स्वतःच वीज तयार करून उलटी कार्डात ढकलू शकतो. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर साध्या पांढऱ्या खोडरबरानं अलगद घासायचं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसायचं. सँडपेपर किंवा कानस मुळीच नको, कारण तो मुलामा एक मायक्रोनचाही नाही हे वर आलंच आहे. मृत म्हणून आलेल्या कार्डांपैकी बरीच या एवढ्यानं जिवंत होतात. दोष कार्डात नव्हताच, तो मळाचा होता.

स्थिर विजेचा धाक इथं थोडा वेगळा आहे. शरीरातून पडणारी ठिणगी आपल्याला जाणवते तेव्हा ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढची असते. चिप मात्र काही शे व्होल्टलाही दुखावते, म्हणजे नुकसान होतं तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो. हवा जितकी कोरडी तितका हा धोका मोठा. विदर्भातला उन्हाळा कोरडा असतो, आणि एसी लावलेली खोली तर आणखी कोरडी. आपला वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर खोलीत ओलावा सोडतो, त्यामुळे त्या दृष्टीनं तो एसीपेक्षा बरा, फक्त कार्डावर थेट फवारा येऊ देऊ नये. पॉलिस्टरचा शर्ट नको, सुती चांगला. कापसाच्या मुलखात हे सांगायला लागतं, हे आपल्या कपाटांचं दुर्दैव. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा आणि कार्ड नेहमी कडेनं धरायचं.

मल्टिमीटर या टप्प्यावर येतो, कार्ड खाचेत बसवण्याच्या आधी. पीसीआय एक्स्प्रेस कार्डाच्या कडेला, स्क्रूच्या लोखंडी पट्टीकडच्या टोकाशी पहिल्या काही सोनेरी पट्ट्या १२ व्होल्टच्या असतात. त्या आणि कार्डाची लोखंडी पट्टी यांच्यात रोध मोजायचा. आकडा शून्याच्या जवळ आला, तर आत शॉर्ट आहे. असं कार्ड लावलं तर ते स्वतः तर जातंच, कधी एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्डही घेऊन जातं. नवशिक्यांची एक गफलत इथं होते. मोठ्या ग्राफिक चिपच्या स्वतःच्या पुरवठ्यावर एक-दोन ओहम, कधी त्याहूनही कमी रोध दिसतो आणि तो अगदी नैसर्गिक असतो. तिथं कमी आकडा बघून चांगली कार्डं मेलेली ठरवणारे लोक आहेत. कुठल्या तारेवर मोजतो आहोत हे माहीत असल्याशिवाय मीटरचा आकडा काहीच सांगत नाही.

जुनं एजीपी कार्ड असेल तर त्याच्या कडेच्या खाचा नीट बघाव्यात. त्या खाचा नुसत्या बसवण्यासाठी नसतात. कार्ड ३.३ व्होल्टचं की १.५चं, ते त्यांवरूनच ठरतं. चुकीच्या मदरबोर्डवर जोर करून बसवलेलं कार्ड बोर्ड जाळतं.

तपासणीचं मशिन वेगळं ठेवावं. मदरबोर्डवर स्वतःचं ग्राफिक असलेलं, एसएमपीएस खात्रीचा, कॅबिनेट उघडं. अशा मशिनमध्ये कार्ड मेलेलं असलं तरी स्क्रीनवर चित्र येतं आणि आत काय चाललंय ते दिसतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं आणि खाचांमध्ये काय बसलंय ते दाखवणारी आज्ञा द्यायची. ड्रायव्हर नसला तरी प्रत्येक कार्ड आपला निर्माता आणि प्रकार आकड्यांत सांगतं. इंटेलचा निर्माता-क्रमांक आहे ८०८६. इंटेलनं १९७८ साली काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचंही हेच नाव, आणि ही थट्टा त्यांनी जाणूनबुजूनच ठेवली असणार. यादीत कार्ड दिसलंच नाही, तर पट्ट्या पुन्हा पुसून दुसऱ्या खाचेत बघायचं. तरीही नाही, तर पुढं वेळ घालवण्यात अर्थ नाही.

यादीत दिसणं म्हणजे पास होणं नव्हे. हा घोटाळा बाजारात सगळीकडे चालतो. ‘डिस्प्ले येतो भाऊ, चालू आहे,’ म्हणून कार्ड विकलं जातं आणि गिऱ्हाईक घरी जाऊन गेम लावतो तेव्हा दहाव्या मिनिटाला स्क्रीनवर रंगीत चौकटी नाचायला लागतात. खरी परीक्षा काम करताना होते, म्हणून प्रत्येक कार्डाला त्याच्या कामाचीच परीक्षा द्यावी.

सिरियल कार्डाची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिला एक रुपयाही लागत नाही. नऊ पिनांच्या जोडणीत दोन नंबरची पिन ऐकते आणि तीन नंबरची बोलते. एका बारीक तारेनं दोन आणि तीन जोडून टाकायच्या. टर्मिनलचा प्रोग्राम उघडून वेग ९६०० ठेवायचा आणि काहीही टाइप करायचं. अक्षरं स्क्रीनवर उमटली तर कार्डानं स्वतः बोललेलं स्वतःच ऐकलं. तार काढली की अक्षरं थांबायला हवीत. थांबली नाहीत तर ती प्रोग्रामच दाखवत होता, कार्ड नाही. ही दुसरी अर्धी परीक्षा लोक विसरतात. काही काट्यांचा डबा आणि कॉम्प्युटर सात-आठ आणि चार-सहा या पिनांवरून एकमेकांना ‘तयार आहे का?’ असंही विचारतात, म्हणून त्याही जोडून बघाव्यात.

लॅन कार्डाला दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडून दोन-चार जीबीची फाइल पाठवायची. गिगाबिट कार्ड १०० वरच अडलं तर केबल बदलायची, कारण गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात आणि १००ला दोनच पुरतात. केबल बदलूनही तेच, तर कार्डाची एक जोडी गेलेली आहे. पण म्हणून ते भंगार नव्हे. काट्यावरच्या मशिनला १०० पुष्कळ झाले, फक्त वर तसं लिहून द्यायला हवं. साउंड कार्डाच्या बाहेरच्या भोकातून आतल्या भोकात छोटी केबल टाकून आवाज वाजवायचा आणि तोच रेकॉर्ड करायचा. दोन्ही कान आलटून पालटून.

खरा वेळ लागतो तो ग्राफिक कार्डाला. त्याला खाचेतून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांची केबल आणखी ७५ देते आणि आठ पिनांची १५०. म्हणून आधी एसएमपीएस पुरेसा आहे ना ते बघायचं. पुष्कळ चांगली कार्डं दुबळ्या एसएमपीएसच्या पापाची शिक्षा भोगतात. मग अर्धा तास पूर्ण भार द्यायचा आणि तापमान, पंख्याचा वेग, स्क्रीन यांच्यावर नजर ठेवायची. पंखा शंभर टक्क्यांवर आणि तापमान तरी चढतंच असेल, तर आतली थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलणं स्वस्त आहे. स्क्रीनवर चौकटी किंवा रेघा दिसल्या तर व्हिडिओ मेमरीची वेगळी तपासणी करायची. आणि आणखी एक आकडा बघायचा: कार्ड खाचेतल्या सोळा वाटांपैकी किती वापरतंय? सोळाऐवजी एक किंवा चार दिसलं, तर पुन्हा खोडरबर घ्यायचा.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवरचं त्याचं खाणकाम एका दिवसात संपलं. महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात लोटली. ती सगळी वाईट नाहीत. एकाच वेगानं सतत चालणाऱ्या चिपला त्रास कमी होतो, पंखे आणि पॅड मात्र झिजलेले असतात. खरा धोका आहे तो तोतया कार्डांचा. जुन्या, हलक्या चिपच्या कार्डात बदललेला बायोस भरून त्याला नव्या, महाग कार्डाचं नाव दिलेलं असतं. विंडोज तेच नाव भाबडेपणानं दाखवतं. जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम अशी सोंगं ओळखतो. तरी संशय राहिला, तर हीटसिंक काढून चिपवर कोरलेला क्रमांक वाचायचा. तिथं बायोसची मात्रा चालत नाही.

एका धंद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मेलेलं ग्राफिक कार्ड हीट गननं, किंवा ओव्हनमध्ये भाजून ‘रिपेअर’ करतात. चिपखालचा एखादा तडकलेला जोड तापून तात्पुरता जुळतो आणि कार्ड काही आठवडे चालतं. मूळ दोष बहुधा चिपच्या पोटातल्या जोडांत असतो आणि तो जागेवरच राहतो. २००८ साली एनव्हिडियालाही आपल्या चिपांच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत मालापायी १५ ते २० कोटी डॉलरची तजवीज करावी लागली होती. ज्यानं चिप बनवली त्याला जे टिकाऊ जमलं नाही, ते हीट गनला जमत नाही. भाजलेलं कार्ड स्वतःच्या मशिनमध्ये लावून प्रयोग करायला हरकत नाही. पण ते विकणं म्हणजे फसवणूक, आणि तिला दुसरं गोड नाव नाही.

तपासून झालं की कार्डावर चिकटपट्टी लावायची. तिच्यावर नुसतं ‘ओके’ लिहिण्यात काही मतलब नाही. काय तपासलं, किती वेळ, काय आढळलं आणि तारीख, एवढं हवं. ‘अर्धा तास पूर्ण भार, तापमान ७८, पेस्ट नवी, दोनपैकी एकच पोर्ट चालू’ अशी पट्टी वाचून गिऱ्हाईक चालू पोर्टापुरते पैसे खुशीनं देतो. परत घेऊन येत नाही, हा त्यातला मोठा नफा.

उरला तो मेलेला ढीग. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुठं गेला हे दिल्लीतलं सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद पाहिलेल्यांना सांगायला नको. बोर्ड उघड्यावर जाळायचे, राख धुवायची, पट्ट्या तेजाबात बुडवायच्या. बोर्डातल्या ब्रोमिनयुक्त प्लास्टिकचा धूर आणि सोल्डरमधलं शिसं कामगाराच्या अंगात, आणि उरलेलं आम्ल नाल्यात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं म्हटलं होतं की सर्किट बोर्डांत सोन्याचं प्रमाण खाणीतल्या दगडाच्या ४० ते ८०० पट असू शकतं. आकडा खरा आहे, आणि तोच लोकांना तेजाबाकडे नेतो. पण हे सोनं काढायला बेल्जियममधल्या होबोकेनच्या युमिकोर कारखान्यासारखी धूर शोषून घेणारी प्रचंड भट्टी लागते. ते परसातल्या बादलीचं काम नव्हे.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११चे, ते लागू झाले मे २०१२पासून. सध्याचे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यात उत्पादक कंपन्यांवर ठरावीक टक्के माल रिसायकल झाल्याचं दाखवण्याची जबाबदारी आहे. २०२५-२६साठी ती ७० टक्के ठरवलेली होती. आणि एक कलम मला शहाणपणाचं वाटतं. जुना माल दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला, तर कंपनीची तेवढ्या मालापुरती जबाबदारी पुढं ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातली ७५ टक्केच तिच्या खात्यात येते. म्हणजे तपासून वाचवलेल्या कार्डाला सरकारी हिशेबातही किंमत आहे.

अडचण वजनाची आहे. नोंदणीकृत रिसायकलरला गाडी भरून माल हवा असतो. तालुक्याच्या दुकानात वर्षाकाठी निघतात दहा-पंधरा किलो बोर्ड. तेवढ्यासाठी नागपूरहून गाडी कोण पाठवणार? म्हणून दुकानदारानं करण्याजोगं एवढंच उरतं: ॲल्युमिनियमची हीटसिंक आणि लोखंडी पट्टी काढून ती रोजच्या भंगारात द्यायची. तिथं किलोचा भाव अगदी रास्त आहे. अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डावर लिथियमची बॅटरी असेल तर ती आधी वेगळी करायची, टोकांवर टेप लावायचा. उघडे बोर्ड कोरड्या खोक्यात साठवायचे, आणि हिंगणघाट, समुद्रपूर, वरोऱ्याच्या चार दुकानांनी खोकी जमवली की वर्षातून एकदा एकच गाडी करायची. ती गाडी कुठूनही निघाली तरी रस्ता जामवरूनच आहे, तेव्हा चौरस्त्यावरच्या एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी ठेवायला जागा मिळाली तर निम्मं काम झालं. भाडं चौघांत वाटायचं, आणि रिसायकलरकडून वजनाची पावती चौघांच्या नावानं वेगवेगळी घ्यायची. नाही तर पुढच्या वर्षी एकच खोकं येतं.